घर ओढायला गेलेली होडी

मी एक शिडाची होडी. नाव वेलोस, म्हणजे चपळ. हसलात? हसा, हसा. चिलोए बेटांवरचा प्रत्येक माणूस हसतो. मला घडवणाऱ्या सुताराने नाव आधी रंगवलं आणि मला पाण्यात नंतर सोडलं. नाहीतर असं धाडस त्याला झालं नसतं.

तसं माझं खानदान चांगलं. सायप्रेस लाकडाच्या फळ्या, फटींमध्ये झाडाच्या सालीचा काथ्या आणि शीड मात्र पिठाच्या पोत्यांचं. त्यावरचं गिरणीचं नाव काही केल्या जाईना, म्हणून धक्क्यावरचे हमाल मला "आली बघ पीठवाली" म्हणायचे. बटाटे, जळण, डुकरं, एकदा तर एक नवरी आणि तिची रडणारी आई, सगळं वाहिलं. सगळ्यात कमी तक्रार डुकरांनी केली.

माझे मालक बेलार्मिनो. सत्तरी उलटलेले, बायको कधीच गेलेली. आमच्या खाडीवर शेवटी दोनच घरं उरली: एक त्यांचं, दुसरं उर्सिसिनाबाईंचं. बाईही एकट्याच. दोघं चाळीस वर्षं भांडत होती. मेंढ्या, कुंपण, धूर, कुठलंही कारण पुरायचं. पण एखाद्या दिवशी बाई भांडायला आल्या नाहीत की मालकांना जेवण जायचं नाही. त्या दिवशी ते माझ्यात येऊन बसायचे आणि उगाच दोर सोडून पुन्हा बांधायचे.

मग पलीकडच्या बेटावरून बाईंच्या लेकीचा निरोप आला, आता इकडेच ये. बाई म्हणाल्या, "येईन, पण घर घेऊन. घर नाही तर मीही नाही." आमच्याकडे यात काही नवल नाही. घरं लाकडाची; बैल लावून किनाऱ्यावर आणायची, भरतीला तरंगवायची, होड्यांनी ओढायची. सगळा मुलूख मदतीला फुकट येतो, घरधन्याने फक्त पोटभर खाऊपिऊ घालायचं.

"न्या की," मालक म्हणाले. "माझ्या कानांना जरा विश्रांती."

"आणि माझ्या डोक्याला!" बाई म्हणाल्या.

एवढं बोलून मदतीला पहिलं नाव मालकांनीच दिलं. म्हणजे माझं.

आता चिचेचं, म्हणजे सफरचंदाच्या दारूचं, पिंप काम झाल्यावर उघडायचं असतं. पण त्या सकाळी बाईंच्या जावयाने, निबाल्दोने, ते आधीच उघडलं. चव बघू, चव बघू म्हणत चाळीस जणांनी चव बघितली आणि ऐन भरती भरून आली तरी कुणी उठेना. निघायला उशीर झाला. पुढे दोन मोटरबोटी, मागे तरंगणारं घर आणि घराच्या कडेला दोराने बांधलेली मी. माझ्यात बाईंची चूल, बटाट्यांची पोती, स्वतः बाई आणि सुकाणूवर मालक. मी शीड फुगवून मनात म्हणत होते, बघा रे, घर ओढतेय मी! प्रत्यक्षात घरच मला फरफटत नेत होतं.

लेकीच्या बेटाजवळ आलो आणि ओहोटी लागली. प्रवाह घराला उघड्या समुद्राकडे खेचू लागला. त्यातच निबाल्दोच्या बोटीचं इंजिन बंद पडलं. दुसरी बोट एकटी काय करणार?

"काका, दोर कापा!" निबाल्दो ओरडला. "घर गेलं समजा! तुम्ही तरी वाचा!"

मालकांच्या हातात सुरी होती. एक घाव, की घर समुद्रात, आणि बाई पुन्हा आमच्या खाडीवर, त्यांच्या शेजारी. बाई नुसत्या घराकडे बघत होत्या. मालकांनी त्यांचं तोंड पाहिलं आणि सुरी म्यानात घातली.

"बाई, चूल घट्ट धरा," ते म्हणाले, आणि सुकाणू फिरवून मला सरळ खडकांवर घातलं.

कडाड! माझा तळाचा कणा मोडला. पण अडकले ती अशी अडकले की देवालाही हलवता आलं नसतं. पाणी उतरत गेलं, मी खडकात बसत गेले, दोर ताठ झाला आणि घर थांबलं. जन्मात पहिल्यांदा मी एखादं काम चोख केलं, तेही जागची न हलता.

"अहो, होडी मोडलीत की हो!" बाई रडायला लागल्या. "आता परत कसे जाणार?"

"दुरुस्त करून जाईन. चार दिवसांचं काम."

संध्याकाळच्या भरतीला घर लेकीच्या किनाऱ्याला लागलं, आणि मागोमाग ओढत आणलेली मीही.

त्याला तीन वर्षं झाली. त्याच किनाऱ्यावर मी टेकू लावून उभी आहे. कणा पहिल्या महिन्यातच बदलला, फटी बुजवून झाल्या, शीडही नवं आलं. मालक रोज सकाळी येतात, मला इकडेतिकडे ठोकतात, कपाळाला आठ्या घालून मोठ्याने म्हणतात, "छे! अजून गळतेय." मग बाईंच्या स्वयंपाकघरात जाऊन चुलीशी बसतात आणि पहिल्या घासालाच भांडण सुरू होतं.

मी एक थेंबसुद्धा गळत नाही. इतकी घट्ट मी नवी असतानाही नव्हते. पाण्याची आठवण येते, खोटं कशाला बोलू, फार येते. पण कधी या किनाऱ्याला आलात आणि कुणी विचारलं, तर माझ्यासाठी एवढं करा. सांगा, ही होडी अगदीच टाकाऊ आहे हो, धो धो गळते.