गाळलेलं वाक्य

...आणि ते बटण आता पडेल, मग पडेल असं वाटत असतानाच ब्रेकेंनी कॉफीचा कप उचलला, कोटाची बाही टेबलाच्या कडेला घासली आणि बटण पुन्हा आपल्या एकुलत्या दोऱ्यावर लोंबकळत राहिलं. तपकिरी, चार भोकांचं, कडेचा टवका उडालेलं. ते काय बोलताहेत हे नोरीनला नीट ऐकू येत होतं. पण नजर बटणावरून हलत नव्हती, कारण नजर वर उचलली की त्यांच्या चेहऱ्याकडे बघावं लागणार, आणि चेहऱ्याकडे बघितलं की उत्तर द्यावं लागणार. मार्गीट गेल्यापासून हा माणूस घरी एकटाच, तिच्या मनात आलं, बटणं कोण लावून देणार... मार्गीटच्या दोन्ही बाळंतपणांत नोरीन तिच्या उशाशी होती. तेव्हा ती नर्स होती, आणि हेच मर्ल ब्रेके बाहेरच्या बाकावर टोपी मांडीवर घेऊन, शेतातले बूट पुसायचं विसरून बसलेले असायचे. आता ते सिनेटच्या अर्थसमितीचे अध्यक्ष होते, आणि ती राज्यातल्या बायकांच्या दवाखान्यांसाठी त्यांच्या दारात खेटे घालणारी बाई.

"तीन जाऊ देत," ब्रेके म्हणाले. "पश्चिमेकडचे तीन. बाकीच्यांचं अनुदान मी राखतो. आज दुपारीच, चर्चा न होता."

विधानभवनाच्या तळघरातल्या त्या उपाहारगृहात सकाळपासून करपलेल्या पावाचा आणि ओल्या लोकरीचा वास भरला होता. अधिवेशन भरलं की दर हिवाळ्यात हेच. दर हिवाळ्यात कुणीतरी उठायचं आणि त्या दवाखान्यांच्या अनुदानावर बोट ठेवायचं. गोळ्या, गरोदर बायांच्या तपासण्या, स्तनातल्या गाठी — ज्यांच्याकडे विमा नाही अशा बायकांना या गोष्टींसाठी राज्यात दुसरं दार नव्हतं. आणि दर हिवाळ्यात नोरीन तेच आकडे, तेच नकाशे घेऊन त्याच पायऱ्या चढायची.

"आणि ती तुझी साक्ष देणारी पोरगी आज नको," ब्रेके पुढे म्हणाले. "ती बोलली की खोली रडणार. खोली रडली की समितीतला तो हॅन्लन चिडून उठणार, आणि त्याच्या तोंडून गर्भपात हा शब्द निघाला की संपलं. तुझे दवाखाने ते करत नाहीत हे तुला ठाऊक, मला ठाऊक. पण तो शब्द एकदा खोलीत आला की बाजूने हात वर करायची कुणाची छाती होत नाही. तू पाहिलंयस."

तिने पाहिलं होतं. दोनदा.

"ती पहाटेच घरून निघालीय, मर्ल. बर्फातून गाडी हाकत येतेय."

"मग तिला चांगलं जेवू घाल," ते म्हणाले.

यात टोमणा नव्हता, हेच वाईट. अगदी मनापासून म्हणाले ते. चार पावलं चालून आलेल्या माणसाला उपाशी पाठवू नये, एवढाच अर्थ. तिला संताप यायला हवा होता. ती संतापाची वाट बघत क्षणभर थांबलीसुद्धा, दारावरची घंटा वाजवून थांबावं तशी — आत कुणी नव्हतं. मग ती "बरं" म्हणाली. किती सहज निघाला तो शब्द. जणू घशात आधीपासूनच तयार होता आणि ब्रेके विचारतील म्हणून बसून होता.

जिना चढताना तिने हिशेब मांडून बघितला, आणि हिशेब बरोबर येत होता, दर पायरीला बरोबर येत होता. पूर्वेकडे माणसं जास्त, बायका जास्त. पश्चिमेकडे नुसतं गवत, वारा, आणि दोन गावांच्या मधे धान्याची एखादी उंच कोठी. सगळे दवाखाने बंद पडण्यापेक्षा तीन बंद पडलेले बरे. हे एखाद्या शाळकरी पोरीलाही समजेल. बाळंतपणाच्या वॉर्डात असताना डॉक्टर कधीकधी तिच्याकडे नुसतं बघायचे, आई की मूल, आणि काय करायचं ते तिचे हात तेवढ्यात ओळखायचे. ते हात कधी थरथरले नाहीत. आजही थरथरत नव्हते... पण तिथे समोर रक्त असायचं. तिथे कुणी मला कॉफी पाजून विचारलं नव्हतं.

त्या तीन दवाखान्यांतला एक शेल्बीच्या गावचा.

शेल्बी राइनहार्ट. शाळेची बस चालवणारी, रुंद खांद्यांची, केस कायम टोपीत कोंबलेले. त्यांच्या काउंटीतल्या इस्पितळाने बाळंतपणाचा वॉर्ड बंद केला त्याच वर्षी ती गरोदर राहिली. महिने भरत आले असताना एका संध्याकाळी रक्त जायला लागलं, आणि नवरा ड्वेन तिला मागच्या सीटवर आडवं घालून पूर्वेच्या रस्त्याला लागला. मुलगी गाडीतच झाली, कुठल्याशा धान्यकोठीच्या दिव्याखाली, आणि थोडा वेळ जगली. तिचं नाव त्यांनी जून ठेवलं. नोरीनला ही हकीकत गावच्या दवाखान्यातल्या नर्सकडून कळली, आणि कळल्या कळल्या — हे तिला नंतर पुष्कळदा आठवे — डोळ्यांत पाणी यायच्या आधी तिच्या मनात आलं होतं, ही बोलेल का?

शेल्बी बोलली. पहिल्या वर्षी, नोरीनच्या मोटेलमधल्या खोलीत पलंगाच्या कडेवर बसून ती सगळं सांगत गेली, आणि नोरीन घड्याळ लावून ऐकत होती, कारण समिती एकेकाला दोनच मिनिटं देते. सासूचं राहू दे. बर्फाचं एकदाच सांग. नाव शेवटी घे, आधी घेतलंस की तुझाच आवाज बसतो. आणि मग ते वाक्य आलं: वाटेत ड्वेन पेट्रोलला थांबला. टाकी जवळजवळ रिकामी होती. आदल्या दिवशी भरायची राहून गेली होती.

"हे नको," नोरीन म्हणाली होती.

शेल्बीने विचारलं, का. नोरीनने तिला समजावलं, हळू आवाजात, तिचा हात हातात घेऊन, की समोर बसलेल्यांना नेमकं असंच काहीतरी हवं असतं, दोष द्यायला एक माणूस; तो मिळाला की त्यांना वॉर्ड दिसत नाही, रस्ता दिसत नाही, फक्त टाकी न भरणारा नवरा दिसतो. त्यात काही खोटं नव्हतं. शेल्बीने मान हलवली. तेव्हापासून दर वर्षी ती येत होती आणि ते वाक्य गाळून बोलत होती, आणि दर वर्षी तिचं बोलणं थोडं अधिक गुळगुळीत होत होतं, कुठे थांबायचं, कुठे श्वास घ्यायचा... गेल्या वर्षी तर एक सिनेटर बाहेर आल्यावर म्हणाला, फारच छान बोलते हो. आणि नोरीनला — मला — बरं वाटलं होतं.

घुमटाखालच्या संगमरवरी फरशीवर ते दोघं उभे होते. दोघं. ड्वेनला ती प्रथमच बघत होती. उंच, पोक काढून उभा राहणारा, इस्त्रीच्या शर्टाची कॉलर गळ्याला काचत असलेला माणूस. टोपी हातात, आणि ती कुठे ठेवावी ते कळत नसल्यासारखी तो हातातल्या हातात फिरवत होता. नोरीनने त्याच्याशी हात मिळवला. त्याचा हात गार होता.

"रस्ता कसा होता?" तिने विचारलं.

"होता," ड्वेन म्हणाला.

शेल्बीने तिला थोडं बाजूला घेतलं. तिचा चेहरा नेहमीसारखा आवळलेला नव्हता. उलट खुलल्यासारखा, जरा घाबरल्यासारखा. ती म्हणाली, "नोरीन, तुम्ही रागावू नका. या वर्षी मी पेट्रोलचं सांगणार आहे. तोच म्हणाला. म्हणाला, तू दर वर्षी तिथे जाऊन मला वगळून येतेस, आणि घरी आल्यावर माझ्याकडे बघत नाहीस. मी समोर बसतो, तू सगळं सांग. म्हणून आलाय तो. इतक्या वर्षांत एकदासुद्धा हा विषय त्याने काढला नव्हता हो."

नोरीनने तिच्या खांद्यावरून ड्वेनकडे पाहिलं. तो मान वर करून घुमटातलं चित्र बघत होता. बैलगाड्या, नांगर धरलेली माणसं, झग्यातल्या गुबगुबीत बायका, कडेवर पोरं... या राज्याची स्थापना. आता सांग, ती स्वतःला म्हणाली. आत्ता, इथे. आणि ती सांगू लागली. आज साक्षी होणारच नाहीत, सकाळीच सगळं ठरलं, अनुदान वाचलं. तिला स्वतःच्याच आवाजात वॉर्डातली ती जुनी, मऊ, नातेवाइकांशी बोलायची पट्टी ऐकू आली.

शेल्बी ऐकत होती. "म्हणजे जिंकलो आपण?"

"हो."

"आमचापण?"

हे 'आमचापण' तिने इतक्या साधेपणाने विचारलं, की खोटं बोलणं सोपं होतं. बोलून टाकलं असतं तर संध्याकाळपर्यंत टिकलं असतं. "तुमचा नाही," नोरीन म्हणाली. "पश्चिमेकडचे तीन या वर्षी गेले. पुढच्या अधिवेशनात परत मागू."

शेल्बी नवऱ्याजवळ गेली आणि त्याला काहीतरी सांगितलं. त्याने टोपी फिरवायची थांबवली. एवढंच.

तरीही ते दोघं समितीच्या खोलीत आले, आणि मागच्या रांगेत तिच्याशेजारी बसले. आपण त्यांना घरी का नाही पाठवलं? तिला वाटलं होतं, ते आपणहून जातील, लोक जातात. पुढे ब्रेके एकामागून एक विषय संपवत होते, पूल, गुरांचे दवाखाने, तुरुंगाचं छप्पर, आणि मग त्याच सुरात आपला विषय आला. कारकुनाने नेहमीचं वाक्य वाचलं: यावर कुणा नागरिकाला बोलायचं आहे का?

हे वाक्य कुणीच ऐकत नसतं. ते वाचायचं असतं म्हणून वाचतात. पण नोरीनच्या शेजारी हालचाल झाली. खुर्ची करकरली, आणि शेल्बी उभी राहत होती. पूर्ण नाही, गुडघे अजून वाकलेले, पुढच्या खुर्चीच्या पाठीवर हात टेकून... आणि ड्वेन खाली मान घालून, दोन्ही हात मांडीवर घट्ट दाबून, तयार बसला होता. तिकडे हॅन्लनने कागदातून डोकं वर काढलं.

नोरीनने शेल्बीचा दंड धरला.

धरला म्हणजे कसा, हे तिला त्या क्षणीच कळलं — सल्ला द्यायला धरतात तसा नाही, सावरायला धरतात तसाही नाही. कळा देणारी बाई वेळेआधी पलंगावरून उतरू बघते तेव्हा धरतात तसा, हाडापर्यंत. "नको," ती कुजबुजली. "शेल्बी, बस. सगळं जाईल."

शेल्बीने तिच्याकडे पाहिलं. ती तिला झटकू शकली असती. रोज अवजड बसचं स्टिअरिंग फिरवणारे हात होते ते. तिने झटकलं नाही. ती खाली बसली. इतकी वर्षं नोरीनने सांगितलेली प्रत्येक गोष्ट ती ऐकत आली होती, तसंच हेही तिने ऐकलं, विश्वासाने, आणि ड्वेनने तिच्याकडे वळून बघितलं, आणि मग समोर बघायला लागला. कुणी नाही, कारकून म्हणाला. हात वर झाले. हॅन्लनचासुद्धा. ब्रेकेंनी पुढचा विषय पुकारला.

बाहेर आल्यावर दवाखान्यांसाठी झटणाऱ्या संघटनेच्या बायकांनी तिला मिठ्या मारल्या. कुणीतरी म्हणालं, तुझ्याशिवाय हे झालंच नसतं, आणि ते खरं होतं. ती हसत होती, आभार मानत होती, आणि आत कुठेतरी, लाज वाटावी इतकं शांत वाटत होतं तिला, आई आणि मूल दोघं वाचल्यावर पहाटे हात धुताना वाटायचं तसं. ही शांतता इथे कुणी आणली? ही माझी नाही. हिच्यावर माझा हक्क नाही... पण ती हलत नव्हती.

तिने दोघांना जेवायला चला म्हटलं. ड्वेन म्हणाला, अंधार पडायच्या आत निघालेलं बरं. तो गाडी आणायला गेला. बर्फ थांबलं होतं, पण वारा सुटला होता, आणि पायऱ्यांवर त्या दोघीच उभ्या होत्या. आता बोलेल, नोरीनला वाटलं. आता ही काहीतरी म्हणेल, आणि ते मला ऐकून घ्यावं लागेल. तिने मन घट्ट केलं. ती जवळजवळ आतुर होती.

शेल्बीने टोपी कानांवर ओढली. दंडावर नोरीनने धरलं होतं तिथे तिने नकळत एकदा हात फिरवला.

"पुढच्या वर्षी बोलवाल ना?" तिने विचारलं.

"अं?"

"तसं काही नाही. घरी बाळाचं नाव कुणी काढत नाही. माझी आईसुद्धा नाही. इथे आलं की निदान एकदा मोठ्याने..." ती थांबली. "आमचा दवाखाना यादीत नसला तर माझं बोलणं तुम्हाला लागणार नाही, मला समजतं. पण दुसऱ्या कुणासाठी लागलं तर. मी येईन."

गाडी आली. ड्वेनने आतून दार उघडलं. नोरीन "हो, नक्की" म्हणाली. दार लागलं, गाडी वळली आणि पश्चिमेच्या रस्त्याला लागली.

ती तिथेच उभी राहिली. वाऱ्याने डोळ्यांतून पाणी येत होतं आणि ते वाऱ्यानेच येत होतं, याबद्दल तिला शंका नव्हती. इतकी वर्षं तिला वाटत आलं होतं की आपण शेल्बीचं दुःख वापरतो, चांगल्या कामासाठी, जपून, पण वापरतो. आणि त्या अपराधाची तिला एक प्रकारची सवय, जवळजवळ सोबत झाली होती. आणि शेल्बी तर इथे कशाकरता येत होती... ती तर वर्षातून एकदा मुलीला हाक मारायला येत होती. अनोळखी, कंटाळलेल्या, घड्याळाकडे बघणाऱ्या माणसांसमोर, कारण दुसरी जागा नव्हती. आणि या वर्षी नवऱ्यालाही घेऊन आली होती.

पाठीमागे कुणीतरी तिला हाक मारत होतं; आत फोटो काढायचा होता, सगळ्या थांबल्या होत्या. येते, ती म्हणाली. हाडापर्यंत धरलं होतं मी, आणि तिने झटकलं नाही. झटकायला हवं होतं तिने... ओरडायला हवं होतं, सगळ्या खोलीसमोर, माझ्या तोंडावर. मग सगळे दवाखाने गेले असते. गेले असते तर? या प्रश्नाचं उत्तर सकाळी जिन्यावर तिला पायरीपायरीला येत होतं. आता ती ते आठवायचा प्रयत्न करत होती, आणि आतून त्यांनी दुसऱ्यांदा हाक मारली तरी ते येत नव्हतं.