सहाशे फूट

मास्तर म्हणजे मास्तर. निम्म्या कंपनीला त्यांनी विमान चालवायला शिकवलं होतं, शेजारी बसलेल्या सहवैमानिक पोरीलाही. तिला कॅप्टन करायचं की नाही, त्या कागदावर पुढच्या आठवड्यात सहीही त्यांचीच व्हायची होती. त्यामुळे पोरगी सकाळपासून हो ला हो करत होती.

विमान ढगांतून उतरायला लागलं आणि तिला उंचीमापकांत फरक दिसला. मास्तरांसमोरचं उंचीमापक चार हजार फूट दाखवत होतं, तिच्यासमोरचं चौतीसशे. दोघांच्या मधलं जादाचं, तेही चौतीसशे. खाली डोंगर, आणि नकाशात स्पष्ट लिहिलेलं, छत्तीसशेच्या खाली यायचं नाही.

तिने सांगितलं. मास्तर म्हणाले, तुझं बिघडलंय. तिने मधल्याकडे बोट दाखवलं, तर तेही बिघडलं असेल म्हणे. आता बोला! दोन बिघडलेली, एकच शहाणं, आणि ते नेमकं यांच्यासमोरचं. "सर, वर जाऊया," ती दोनदा म्हणाली. विमान हातातून हिसकावून घ्यायची काही तिची छाती झाली नाही. मास्तरांनी तिला हातानेच गप्प केलं आणि टॉवरला विचारलं, आमची उंची किती दिसतेय?

"चार हजार," टॉवरवरचा माणूस म्हणाला.

"ऐकलंस?"

तिला हसावं की रडावं कळेना. टॉवरच्या पडद्यावर दिसते ती विमानानेच कळवलेली उंची, आणि ती जात होती मास्तरांच्याच उंचीमापकातून. आरशाला विचारून काय कळणार? हे वाक्यसुद्धा मास्तरांचंच, फळ्यावर खडू आपटून सांगितलेलं.

कुणाच्या बाजूची उंची टॉवरला कळवायची, त्याचं बटण दोघांच्या मधे असतं. तिने विचारलं-बिचारलं नाही, सरळ आपल्या बाजूला फिरवलं.

"चौतीसशे दिसतंय, ताबडतोब वर चला!" टॉवरवरून आवाज आला.

आणि मास्तरांनी निमूटपणे विमान वर घेतलं. आकडा तोच, पण टॉवरच्या तोंडून आला म्हणून पटला. पुढे तिच्याच उंचीमापकाच्या भरवशावर विमान सुखरूप उतरलं. मागच्या दीडशे माणसांना कशाचाच पत्ता नव्हता, ती सगळी बॅगा काढायच्या घाईत होती.

कचेरीत मास्तरांनी अहवाल लिहिला: टॉवरने वेळीच सावध केलं, कॅप्टनने तत्काळ उंची घेतली. तिचं नाव औषधालाही नव्हतं. तिने सही करायला पेन उचललं, तेवढ्यात टॉवरवरच्या माणसाचा फोन आला. मास्तरांनी तो स्पीकरवर टाकला.

विमान एका क्षणात सहाशे फूट पडत नसतं, तो म्हणाला. बटण कुणीतरी फिरवलंय. ज्याने फिरवलं त्याने सगळ्यांना वाचवलं, मला अहवालात त्याचं नाव लिहायचंय.

मास्तर नुसते तिच्याकडे बघत राहिले.

तिला स्वतःचीच किळस आली.

"सरांनी," ती म्हणाली.

मास्तरांनी मान डोलावली, वर्गात कुणाचं उत्तर बरोबर आलं की डोलवायचे तशी.