आमच्या घरची बेल

मुलुंडला दुसऱ्या मजल्यावरची खोली ताब्यात आली, तशी मालनने काय केलं असेल, तर बेघरांसाठी काम करणाऱ्या संस्थेच्या रुचिराला बाहेर पिटाळून दार लावलं आणि आतून कडी घातली.

रुचिरा घाबरली. “मालनआजी, बरं आहे ना?”

“तू बेल वाजव गो!”

बेल वाजली.

“कोण आहे?” मालन आतून केवढ्यानं ओरडली.

“मी रुचिरा.”

“कोण रुचिरा? कुणाकडे आलात?” विचारून स्वतःच खो खो हसत सुटली.

घाटकोपरच्या पुलाखाली म्हातारी झालेली ही बाई. नवरा गेल्यावर दिरांनी खोली विकली, तेव्हापासून तिला स्वतःचं दार असं नव्हतंच. निवाऱ्यात गेली तर म्हणाले, इतक्या वयाच्या माणसाला घेत नाही. वृद्धाश्रमात विचारलं, जबाबदारी घेणारं घरचं कुणी आहे का? “असतं तर तुमच्या दारात कशाला आले असते?” म्हणून ती उठून आली होती. रुचिराने चपला झिजवल्या, तेव्हा कुठे संस्थेने ही भाड्याची खोली दिली. ती दोघींसाठी होती; दुसरी कोण, ते मालनने ठरवायचं.

मालनने शकुचं नाव घेतलं. रुचिरा चाटच पडली. पुलाखाली जागेवरून रोज कचाकचा भांडायच्या त्या दोघी!

“मग? या वयात भांडायला नवीन माणूस कुठून शोधू?” मालन म्हणाली.

दुपारी शकु बोचकं घेऊन जिना चढून आली. तिने बेल दाबली.

“कोण पायजे?”

“उघड गं, पाय तुटायला आले!”

“नाव सांग.”

“शकु!”

“कुठली शकु?”

“इतकी वर्षं तुझं घोरणं ऐकत झोपली ती!”

आवाज ऐकून शेजारच्या रत्नप्रभाबाई बाहेर आल्या. शकुने त्यांना ऐटीत सांगितलं, “आमच्या घरची बेल आहे. चालते का बघतोय.”

शेवटी दार उघडलं. शकुने आत शिरून बोचकं टाकलं, मालनलाच बाहेर ढकललं आणि कडी घातली. “आता माझी पाळी!”

मालनने बेल वाजवली. दार बोटभर उघडलं. फटीतून तोंड वाकडं करून शकु म्हणाली, “पुढे जा बाई. आज काही नाही.”

मालन बघतच राहिली. हेच शब्द दोघींनी किती दारांत ऐकले होते! मग तिला असं काही हसू फुटलं, की ती जिन्यातच फतकल मारून बसली. शकुही बाहेर येऊन तिच्या गळ्यात पडून हसायला लागली. रत्नप्रभाबाईंना काही म्हणता काही कळलं नाही. तरी त्याही हसल्या, आणि हसत हसतच सगळ्यांसाठी चहा टाकायला आत गेल्या.