मंगळावरचे कास्तकार

शिरपूरच्या शिखरचंदाच्या दुकानात वर्तमानपत्र आलं, की पुंजाजी गुळाच्या भेलीपाशी जागा धरून बसायचा. त्याला अक्षरओळख नव्हती, पण ऐकायची हौस दांडगी. १९०९ सालच्या दसऱ्याच्या सुमारास शिखरचंदानं वाचलं, की मंगळावर कालवे सापडले. परदेशातल्या एका मोठ्या शास्त्रज्ञानं दुर्बिणीतून पाहिले. तिथले लोक बर्फाचं पाणी शेतापर्यंत नेतात, यात आता शंका उरली नाही.

"म्हंजे कास्तकार हायेत तिथं?" पुंजाजीनं विचारलं.

"छापून आलं ना भाऊ," शिखरचंद म्हणाला.

पुंजाजीच्या ते काळजाला भिडलं. त्याच्या पोरीच्या, प्रयागच्या, पत्रिकेत मंगळ होता आणि त्यापायी दोन सोयरिकी मोडल्या होत्या. सांजेला तो अंगणात बाजेवर पडला. पूर्वेला तांबडा तारा वर आला होता. पाहता पाहता त्याला तिथल्या ओल्या मातीचा वास येऊ लागला. कोणी दांडातून सरीत पाणी सोडत होतं, कोणाची बायको भाकरी घेऊन शेताच्या धुऱ्यानं चालली होती. पाणी आवाज न करता पुढं पुढं सरकत होतं. घरातून बायकोनं, तुळसाबाईनं, जेवायला हाक मारली.

"थांब," तो म्हणाला, "त्याईचं ओलीत होऊन राह्यलं."

तिनं हसून ताट झाकून ठेवलं.

मग मंगरूळकडचा जगदेव आपल्या पोरासाठी पोरगी पाहायला आला. पोरगी पसंत पडली, पण मंगळाचं कळताच तो उठायला लागला. पुंजाजीनं त्याला अंगणात नेऊन तारा दाखवला.

"आपल्यासारके कास्तकार हायेत तिथं. पान्यासाठी जीव टाकून राह्यले. ते आपल्या पोरीचं वाईट काहून करतीन?"

जगदेव बराच वेळ वर पाहत राहिला. त्याच मुक्कामात सुपारी फुटली.

माघात शिखरचंदानं पुंजाजीला मुद्दाम बोलावून घेतलं. पेपराच्या कोपऱ्यात, औषधाच्या जाहिरातीखाली, चार ओळी होत्या. आणखी मोठ्या दुर्बिणीतून पाहिलं, तर कालवे नव्हतेच. तुटके डाग डोळ्याला सांधल्यासारखे वाटले होते.

"अन् लोक?"

"लोक कोनालेच दिसले नव्हते, भाऊ. पाहनाऱ्यानं अंदाज केला, छापनाऱ्यानं त्याचं खरं करून टाकलं."

पुंजाजीनं घरी येऊन दमणीला बैल जुंपायला घेतले.

"लगन लागू द्या, मंग सांगा," तुळसाबाई म्हणाली.

"खोट्याच्या भरवशावर पोरगी कशी धाडू?"

वाटेत मुक्काम करून तो जगदेवाकडे पोचला. जगदेवानं सगळं ऐकून घेतलं आणि अंगठ्यानं माती उकरत बसला.

"म्हंजे तिथं कोनीच नाई?"

"कोनीच नाई."

"मंग रिकाम्या घराले कायले भ्यायचं, इवाई?"

फाल्गुनात लग्न लागलं. प्रयाग सासरी गेली, त्या सांजेला पुंजाजी विहिरीच्या काठावर डोळे पुसत बसला होता. मंगळ आता मावळतीकडे, बारीक झाला होता.

"चांगल्या घरी गेली पोरगी," तुळसाबाई म्हणाली. "रडता कायले?"

"पोरीसाठी नाई," तो म्हणाला. "एवढा ओलिताचा मुलूक मी डोयानं पाह्यला. आता तिथं मानूसच नाई."

ती त्याच्याजवळ टेकली.