फ्लॅट मनी नको

अप्पा गेले त्या दिवशी दवाखान्यातून एक प्लास्टिकची पिशवी आमच्या हातात दिली. तिच्यात त्यांचा चष्मा होता, ओळखपत्र होतं, नळाच्या वायसरांची कागदात गुंडाळलेली पुडी होती आणि खिशात मावणारी एक डायरी होती. तोवर गप्प बसलेली माझी आई, अव्वा, वायसरं पाहून रडली. डायरी मी माझ्याकडे ठेवून घेतली.

चौतीस वर्षं ते महापालिकेच्या पाणीपुरवठ्यात फिटर होते. डायरीच्या पानापानावर कुठल्या भागाला कुठल्या दिवशी पाणी सुटणार ते लिहिलेलं होतं. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली तरी हे लिहिणं थांबलं नव्हतं. शेवटच्या भरलेल्या पानावर मात्र पाण्याचा विषय नव्हता. तिथं तीन ओळी होत्या.

होटगी रोड दुसरा मजला लिफ्ट कमिटी चांगली

कुंभारी रोड तीन खोल्या हौद बोअर चिंच

फ्लॅट मनी नको

या ओळी कशाबद्दल आहेत ते मला ठाऊक होतं. निवृत्तीची रक्कम बँकेत होती. तिच्यातून भाड्यानं देण्यासारखं काहीतरी घ्यावं, म्हणजे आपल्यामागं अव्वाला महिन्याच्या महिन्याला काही येत राहील, असं अप्पांनी दिवाळीतच ठरवलं होतं. आपण जाणार हे त्यांना डॉक्टरांच्या आधी कळलं असावं. कल्लप्पामामांना बरोबर घेऊन त्यांनी दोन जागा पाहिल्या. कल्लप्पामामा त्यांचे पाणीपुरवठ्यातले जोडीदार, नात्यानं आमचे कुणीच नाहीत. जागा पाहून झाल्या, मग संक्रांतीला गड्ड्याची जत्रा आली, जत्रेनंतर अप्पा आजारी पडले आणि माघ संपायच्या आत गेले. ठरवायचं काम माझ्यावर आलं. मी एकुलती एक.

मी मंगळवेढ्याला कनिष्ठ महाविद्यालयात मराठी शिकवते. 'मनी' हा शब्द मी दरवर्षी फळ्यावर लिहिते. मनी म्हणजे मनात, जुन्या कवितेत तो असा येतो, असं सांगते. आता अप्पांच्या तिरक्या, दाबून लिहिलेल्या अक्षरात तो समोर आला तेव्हा मी बराच वेळ त्या ओळीकडे पाहत राहिले. या माणसानं उभ्या आयुष्यात कविता वाचली नव्हती. शेवटी शेवटी भाषासुद्धा जुनी आणि साधी होत जाते की काय, असं मला वाटलं. फ्लॅट मनी नको. फ्लॅट मनात नाही. मी ती ओळ पाठच केली. बसमध्ये खिडकीशी बसून मनातल्या मनात म्हणायची. दुःखात माणूस वाचताना बेसावध असतो, हे मी शिकवत आले होते, पण स्वतःच्या बाबतीत ध्यानात आलं नाही.

पुढच्या रविवारी मी अव्वाला सांगितलं, "अप्पांना फ्लॅट नको होता. आपण कुंभारी रोडचं घर घेऊ."

अव्वा ज्वारी निवडत होती. तिचे हात थांबले. "तसं म्हणाले होते तुला?"

"डायरीत लिहिलंय."

मी पान उघडून तिच्यापुढं धरलं. अव्वा चौथीपर्यंत शिकली, तीही अक्कलकोटकडच्या कानडी शाळेत. ही अक्षरं तिला लागत नाहीत. तिनं पानावरून नुसता अंगठा फिरवला.

"लिवलंय म्हनतीस," ती म्हणाली. "मग झालं की."

ती पुन्हा ज्वारी निवडायला लागली.

माझा नवरा प्रभु या व्यवहारात पडायचं नाही असं ठरवून होता, पण एकदा जेवताना म्हणाला, "घराला भाडेकरू ठेवणं म्हणजे दुसरी नोकरी धरणं. गच्ची गळली तरी तू, मोटर जळली तरी तू. फ्लॅटला निदान बघायला चार माणसं असतात."

"फ्लॅटच्या भिंती जुन्या होतात. घराखालची जमीन आपली राहते," मी म्हणाले. हे वाक्य अप्पांचं होतं. पंधरा वर्षांपूर्वी, शेजाऱ्यांना सल्ला देताना ते म्हणाले होते.

"असंल," प्रभु म्हणाला आणि त्यानं ताक वाढून घेतलं.

खरं सांगायचं तर मलाही फ्लॅटच सोपा वाटत होता. होटगी रोडच्या त्या इमारतीच्या आसपास दोन दवाखाने आहेत, भाडेकरू मिळण्याची काळजी नव्हती. पण माझ्या सोयीसाठी वडिलांची शेवटची ओळ खोडायची, हे मला जमणार नव्हतं. त्यांच्यासाठी करण्यासारखं एवढंच उरलं होतं.

चैत्रातल्या एका रविवारी मी चेक घेऊन कुंभारी रोडला गेले. अव्वाचे गुडघे दुखत होते म्हणून ती घरीच राहिली. कल्लप्पामामांना मी बोलावून घेतलं होतं. उन्हं अकरालाच तापली होती. मामा डोक्याला उपरणं गुंडाळून फाटकाशी उभे होते.

घर मला आवडलं. तीन खोल्या एका ओळीत, मागं न्हाणी, अंगणात सिमेंटचा हौद आणि त्यावर सावली धरून चिंच. दोन कुटुंबं सहज राहिली असती. मालक अमरेश, तिशीतला, हैदराबादला नोकरीला होता. घर विकण्यासाठी मुद्दाम आला होता. त्यानं आम्हाला चिंचेखाली खुर्च्या मांडल्या. मी हौदाकडे पाहत होते. पान्हा घेऊन तिथं वाकलेले अप्पा मला अगदी स्पष्ट दिसत होते.

"विसार आज देताय ना, मॅडम?" अमरेशनं विचारलं. "म्हणजे बाकीच्यांना नाही सांगून टाकतो. दोघं तिघं मागं लागलेत."

मी पर्स उघडली. मामा इतका वेळ नळ सोडून बंद करून बघत होते. ते पाठमोरेच म्हणाले, "तुला आवडलंय तर घे बाई. खरं तुज्या अप्पाला हे नको होतं."

मला वाटलं, उन्हानं त्यांचा गोंधळ होतोय. "मामा, फ्लॅट नको होता त्यांना."

"कुनी सांगिटलं?"

"त्यांनी स्वतः लिहून ठेवलंय." डायरी पर्समध्येच होती. मी ती काढली आणि वाचली. पहिल्या दोन ओळी नेहमीसारख्या वाचल्या. तिसरी, ज्या सुरात पाठ केली होती त्या सुरात. "फ्लॅट मनी नको."

मामा वळले. "पुन्ना वाच."

मी पुन्हा वाचलं.

मामांचा चेहरा आधी काहीच सांगेना. मग त्यांचे खांदे हलायला लागले. हसू आवरेना तेव्हा ते हौदाच्या कठड्यावर बसले आणि उपरण्यानं डोळे पुसायला लागले.

"तुज्या कॉलेजात मनी म्हंजे काय असतंय?"

"मनात," मी म्हणाले.

"आन् तुज्या घरात?"

मला ऐकू आलं. तीस वर्षं ऐकलं होतं. मनीग बा. मनीग होग. अप्पा आणि अव्वा घरात कानडी बोलायचे, मी ऐकायची आणि मराठीत उत्तर द्यायची. मनी म्हणजे घर. कानानं मी तो शब्द झोपेतसुद्धा ओळखला असता. कागदावर, मराठी अक्षरांत, मराठी 'नको'च्या शेजारी बसलेला पाहिला आणि मला फक्त कविता दिसली.

"फ्लॅट," मामांनी एक बोट वर केलं आणि थांबले. मग दुसरं बोट. "मनी नको. फ्लॅट घ्यायचा, घर घ्यायचं न्हाय. त्याला कामा टिंब देयाची सवय कुटं होती? ऑफिसात साहेब लई शिव्या घालायचा त्याला त्याच्यापायी. रिपोर्ट लिवायचा तर पानी आलं न्हाय आलं, काय बी कळायचं न्हाय."

अमरेशला हसावं की नाही ते कळत नव्हतं. मामाच पुढं बोलू लागले.

"हितंच बसला होता तो, तू बसलीस तितं. घर लई आवडलं त्याला. तासभर हौदात डोकं घालून. मी म्हन्लं, घेऊन टाक की. तर म्हन्तो, मनी छलो ऐती. आद्र नोडावर यार?"

घर चांगलं आहे. पण बघणारं कोण?

"मी म्हन्लं, तू हाईस की. थोड्या वेळानं म्हन्ला, कल्लप्पा, मंगळवेढ्याची गाडी किती तासाला असती रे? मी म्हन्लं, तुला कुटं जायचंय मंगळवेढ्याला. तर म्हन्ला, मला न्हाय. हितलं एक वायसर गेलं की भाडेकरू माझ्या श्रीदेवीला फोन करनार. ती दीड तास येनार, दीड तास जानार. एका वायसरापायी. रविवार गेला पोरीचा."

मी डायरी मिटली. चिंचेचा पाला एकसारखा गळत होता, मांडीवर, पर्समध्ये, चेकवर.

अमरेशची क्षमा मागायला मी तोंड उघडलं तर तोच म्हणाला, "मॅडम, ते त्याच दिवशी मला नाही म्हणाले होते. तुमचा फोन आला तेव्हा मला वाटलं, विचार बदलला असेल." मग हौदाकडे हात करून म्हणाला, "जाताना तो व्हॉल्व्ह नीट करून दिला त्यांनी. वर्षभर गळत होता. घर घ्यायचं नाही आणि दुरुस्त करताय, असं मी म्हटलं. म्हणाले, पाणी वाया जातंय."

निघताना त्यानं पिशवीभर चिंच दिली. आठ किलोमीटर आलेल्या माणसाला रिकाम्या हातानं कसं पाठवायचं, म्हणाला.

घरी आले तेव्हा अव्वा दुपारची न झोपता बसून होती. तिला काही न सांगता मी डायरी काढली आणि तिसरी ओळ सपाट आवाजात वाचली. या वेळी सूर लावला नाही.

"व्हय," अव्वा म्हणाली. "तसंच म्हनाले होते की मला. फ्लॅट घे म्हनावं, मनी नको, पोरीला तरास."

"मग मला सांगितलं का नाहीस?"

"तू म्हनालीस लिवलंय." ती चिंच सुपात ओतत होती. "मला वाटलं, लिवताना इचार बदलला असंल. लिवलेल्याच्या पुढं मी काय बोलू? मला काय वाचाय येतंय?"

मी तिच्याजवळ बसले आणि चिंचा सोलू लागले. माझी पदवी, माझी पुस्तकांची तीन कपाटं, आणि हिला हा प्रश्न पडू दिला मी. पुढच्या सगळ्या रविवारी मी डायरी पहिल्या पानापासून तिला वाचून दाखवली. कुठल्या पेठेला कधी पाणी सुटायचं, एवढंच त्यात आहे. ती सगळं ऐकते. मधेच म्हणते, त्या दिवशी लई उशीर झाला होता त्यांना.

फ्लॅट घेतला. ज्येष्ठात सोनाली नावाची नर्स तिथं राहायला आली, माढ्याची आहे, धाकट्या बहिणीला शिकायला बरोबर आणलंय. दर महिन्याला भाडं अव्वाच्या खात्यात येतं. तीन महिन्यांत तिनं मला एकदाच निरोप पाठवला, तोही काम झाल्यावर. स्वयंपाकघरातला नळ गळत होता, कमिटीनं माणूस पाठवला, झालं, काळजी नसावी.

त्या रविवारी मी हे अव्वाला सांगितलं. दुपार होती, जेवणं व्हायची होती.

"कुनी केला?" तिनं विचारलं.

"कमिटीचा माणूस असतो."

"वायसर बदललं असंल."

"हो, तेच असेल."

ती उठली. कपाटातून अप्पांची पुडी काढून तिनं माझ्यापुढं ठेवली. कागद तोच होता, दवाखान्यातल्या पिशवीतला.

"पुढच्या खेपेला हे दे म्हनावं त्याला. बाजारात असली मिळत न्हाईत आता. हे एकेक निवडून आनायचे."

मी पुडी उघडली. अकरा वायसरं होती, लहानमोठी, काळी. एक मी काढून घेतलं आणि डायरीत ठेवलं, त्या तीन ओळींच्या पानावर. बाकीची पुन्हा गुंडाळून पर्समध्ये टाकली.

मंगळवेढ्याची गाडी साडेपाचला होती. अजून साडेचार तास होते आणि तोवर मला कुठंही जायचं नव्हतं. अव्वानं तवा ठेवला. मी पीठ मळायला घेतलं.