खालच्या फळीवरची थाप

मित्रांनो, मी एक जुना दरवाजा आहे. प्रार्थनामंदिराचा, दोन झडपांचा, आणि खरं सांगायचं तर जरा तिरसट स्वभावाचा. दारानं दोनच कामं करायची, उघडायचं आणि मिटायचं. पण कोणतं काम कधी करायचं, हे ठरवायला मला हात कुठले? माझं सगळं दुखणं तेवढंच आहे.

माझ्या सुतारानं मला मन लावून घडवलं. पावसाळ्यात लाकूड फुगतं म्हणून चौकटीत त्यानं थोडी फट सोडली होती. जुन्या पाळकसाहेबांच्या काळात उपासना चालू असताना मी सताड उघडा असायचो. कुणी उशिरा यायचं, कुणाचं पोर शू लागली म्हणून मध्येच बाहेर पळायचं. एकदा तर रस्त्यावरचं कुत्रं आत येऊन पाळकसाहेबांचा संदेश, म्हणजे प्रवचन, संपेपर्यंत बाकाखाली झोपलं होतं. त्याच्याइतकं शांत त्या दिवशी कुणीच बसलं नव्हतं!

मग नवे पाळकसाहेब आले. माणूस वाईट नव्हता. ते म्हणायचे, अर्धी प्रार्थना मागं वळून कोण आलं ते बघण्यात जाते. आता खोटं कशाला बोलू, जायचीच. येणाऱ्याचा धक्का लागून माझी बिजागरी कुरकुरली की सगळ्या माना माझ्याकडे फिरायच्या. म्हणून नियम झाले. मोबाईल बंद. पहिलं गाणं झालं की दाराला कडी. बिजागऱ्यांना तेल मिळालं आणि फटीत दाबलेल्या लोकरीचा जाड नमदा ठोकला गेला. त्या नमद्यानं रस्त्यावरची भांडणं, हॉर्न, भंगारवाल्याची आरोळी, सगळं गिळून टाकलं. अशी शांतता दुसरीकडे नाही, असं पाहुणे म्हणू लागले. मी फुशारून गेलो.

कडी लावायचं काम एका निवृत्त पहारेकऱ्याकडे होतं. पोरं त्यांना कडीमामा म्हणायची. कडी लावली की ते माझ्याकडे पाठ करून उभे राहायचे, अगदी टेकून. गल्लीतल्या पोरांना भारी चेव यायचा. थाप मारायची आणि धूम ठोकायची! एकदा कडीमामांनी दार उघडलं, तर बाहेर चिटपाखरू नाही. आत हशा पिकला, प्रार्थना मोडली आणि पाळकसाहेबांनी चारचौघांत त्यांना दोन शब्द सुनावले. म्हाताऱ्याला ते फार लागलं. यापुढे आभाळ कोसळलं तरी मध्ये दार उघडायचं नाही, असं त्यांनी मनाशी पक्कं केलं.

आता भिंगरीचं सांगतो. ही रंगाऱ्याची लहानगी मुलगी, नावाप्रमाणेच एका जागी न ठरणारी. रंगारी आमच्याकडे गाणी सुरू करून द्यायचा, त्याचा आवाज खडा. एका रविवारी मौन प्रार्थनेत कुणीतरी घोरलं आणि भिंगरी खुदकन हसली. लोकांच्या नजरा रंगाऱ्याकडे वळल्या. त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यानं ठरवलं, नीट बसायची अक्कल येईपर्यंत पोरगी घरीच राहील. तिची आई रविवारी कामावर असायची. तेव्हा आजी म्हणाली, "मग मी राहते तिच्यापाशी. देवाला काय आपल्या घरचा रस्ता माहीत नाही?" आजीनं आजवर उपासना कधी चुकवली नव्हती. तरी ती घरी राहिली.

लगेच पुढच्या रविवारी, कडी लागलेली, दुसरं गाणं चालू होतं. माझ्या खालच्या फळीवर थाप पडली. छोट्या तळव्याची. पाठोपाठ दुसरी, तिसरी. बाहेरून भिंगरी ओरडत होती, "बाबा, आजी पडली! आजी बोलत नाही!"

काही झालं तर बाबांना बोलवायचं, एवढंच त्या पोरीला शिकवलेलं होतं. गल्लीतली दुकानं बंद होती. तिचे शब्द नमद्यात अडकले, थाप तेवढी आत पोचली. कडीमामांना ती पाठीवर जाणवली. त्यांनी मान हलवली आणि रंगाऱ्याला हातानं खूण केली, पोरांचा वात्रटपणा आहे, चालू दे. शेवटच्या बाकावर नर्सबाई बसल्या होत्या. त्यांनी एकदा मागं पाहिलं आणि नियम आठवून मान सरळ केली. रंगाऱ्यानं दोन्ही हात वर करून मंडळींना आवाज चढवायला सांगितलं. थाप जोरात आली की गाणं तिच्याहून जोरात. ते गाणं इतकं सुंदर मी आजवर ऐकलं नाही, मित्रांनो, आणि म्हणूनच ते मला आजही नकोसं वाटतं.

मग संदेश झाला, लांबलचक. थापा हळू होत गेल्या. शेवटी ती नुसती नखानं मला खरवडत होती. नंतर तेही थांबलं.

कडी निघाली तेव्हा भिंगरी पायरीवर बसली होती. तळवे लालबुंद. रंगारी आधी तिच्यावर खेकसला, "घरी राहा म्हटलं होतं ना?" मग तिनं सांगितलं. नर्सबाई चपला न घालताच धावल्या, मागून रंगारी. आजी स्वयंपाकघरात पडलेली होती आणि तिचा श्वास अजून चालू होता. दवाखान्याच्या वाटेवर श्वास थांबला. संध्याकाळी नर्सबाई माझ्याच पायरीवर कडीमामांना म्हणाल्या, "थोडं आधी कळलं असतं तर काहीतरी करता आलं असतं. मी इथंच होते हो."

पुढच्या रविवारी रंगारी रंग खरवडायची पट्टी घेऊन आला आणि माझ्या फटीतला सगळा नमदा त्यानं ओरबाडून काढला. त्याला कुणी अडवलं नाही. त्यानंतर तो गायला नाही. कडीमामा आता उन्हापावसात बाहेरच उभे असतात. पाळकसाहेबांनी कडी काढायला लावली. बिजागऱ्यांना तेल घालायचं मात्र सगळे विसरले. त्या गंजत चालल्यात, धक्का लागला की मी पुन्हा कुरकुरतो, माना पुन्हा वळतात. वळू देत.

मित्रांनो, उपासनेत शांत बसावं, मोबाईल बंद ठेवावा, शेजाऱ्याशी कुजबुजू नये, हे सगळं खरंच आहे. पण थाप पडली तर एकानं तरी उठावं. मस्करी निघाली तर निघू द्या. मोडलेली प्रार्थना पुन्हा जुळते.

भिंगरी आता दर रविवारी येते. मी सताड उघडा असतो, तरी ती उंबऱ्याबाहेर थांबते. कडीमामा तिला म्हणतात, "आत जा ना, बाळा."

ती मान हलवते आणि म्हणते, "गाणं संपू दे."