पोटात एकसष्ट बायबलं

खरं सांगतो, हे लिहायचंच नव्हतं. दोनदा सुरू केलं, दोनदा सोडून दिलं. म्हटलं, कपाटाचं रडगाणं कोण ऐकणार. पण थकलोय, आणि थकल्यावर माणूस बोलतो तसं कपाटही बोलतं.

मी एक जुनं लोखंडी कपाट आहे, मित्रांनो. पाच कप्पे, हिरवा रंग. राहायला कोपरला, आमच्या चर्चच्या वर्गखोलीत.

जन्म कल्याणचा. एका शेडमध्ये पत्रा कापला, वाकवला, वेल्डिंग केलं, रंग मारला. दोन दिवसांत मी उभा. तिथून नौपाड्यात एका डॉक्टरांकडे गेलो. बावीस वर्षं पेशंटच्या फायली सांभाळल्या. डॉक्टर सगळ्यांना सांगायचे, "माझी मेमरी म्हणजे हे कपाट." बरं वाटायचं. मग फायली कंप्युटरवर गेल्या आणि मी जिन्याखाली गेलो. तीन वर्षं माझ्यात फक्त झाडू आणि फिनेल.

तिथून मला उत्तम सरांनी आणलं. सर रिटायर्ड शिक्षक. चर्चमध्ये थिऑलॉजीचा वर्ग घेतात, म्हणजे देवाबद्दल नीट अभ्यास करून विचार कसा करायचा ते शिकवतात. वर्गात अकरा जण, सगळे नोकरी सांभाळून शिकणारे. पुस्तकं जाड, इंग्रजी, आणि मिळायची मारामार. मराठीत तर अगदीच थोडी. म्हणून एका रविवारी उपासनेनंतर सरांनी जाहीर केलं, "आपण लायब्ररी करतोय. घरात पुस्तकं असतील तर द्या."

लोकांनी दिली. काय दिलं? बायबल.

त्यांचंही चूक नाही. घरातलं जुनं बायबल, पानं सुटलेलं, कुणाला टाकवत नाही. पहिल्या पानावर आजोबांच्या बाप्तिस्म्याची तारीख, खाली लग्नं, जन्म, मरण. ते रद्दीत कसं देणार? लायब्ररी निघाली म्हटल्यावर सगळे सुटले. एकसष्ट आली. मंजुळाकाकूंनी वारलेल्या नवऱ्याचं आणलं, टॉवेलमध्ये गुंडाळून. म्हणाल्या, "सर, मधल्या कप्प्यात ठेवा हां. खाली नको. यांना गुडघ्यांचा त्रास होता."

सर हसले नाहीत. मधल्या कप्प्यात ठेवलं.

वर्गाला खरं तर हवी होती भाष्यं, म्हणजे एकेका ओळीचा अर्थ उलगडून सांगणारी पुस्तकं. सगळ्यात जास्त राजरत्नला. तो घोडबंदर रोडला एका टॉवरवर सिक्युरिटीत आहे. खोलीत आला की माझ्या दारावर थाप मारतो. "काय भाऊ, उभाच? मी पण बारा तास उभाच होतो." एवढंच. पण मला भाऊ म्हणणारा तो एकटाच, म्हणून माझा दोस्त.

त्याला ईयोबाच्या पुस्तकावर निबंध द्यायचा होता. ईयोब म्हणजे काही चुकलेलं नसताना ज्याचं सगळं गेलं तो. राजरत्न या निबंधात एकदा नापास झालेला. परत झाला असता तर कोर्समधून नावच कमी होणार होतं.

"माझ्याकडे एकसष्ट प्रश्नपत्रिका आहेत सर," तो माझ्याकडे बघून म्हणाला, "गाईड एकपण नाही."

सरांनी कुठल्या तरी चर्चच्या एका म्हाताऱ्या पाळकांकडून ईयोबावरचं मराठी भाष्य मिळवलं. पुठ्ठा गेलेला, म्हणून वर्तमानपत्रात गुंडाळलेलं. माझ्यात जागा कुठे होती? सरांनी ते माझ्या डोक्यावर ठेवलं.

मग नाताळसाठी तरुण संघाने खोली रंगवायला काढली. सेक्रेटरी हर्षित. त्याने हात धुऊन एकेक बायबल बाहेर काढलं, स्वच्छ चादरीवर मांडलं, रंग वाळल्यावर एकेक करून परत लावलं. माझ्या डोक्यावरचं मात्र त्याने पेपर समजून रद्दीवाल्याला दिलं. मी बघत होतो. मला ओरडता येत नाही, मित्रांनो.

रविवारी राजरत्नने हर्षितला विचारलं, "वरचं भाष्य कुठंय?"

"वर तर पेपर होते रे."

"पेपरातच होतं."

दोघं रद्दीच्या दुकानात धावले. माल पुढे गेलेला. परत आले तेव्हा हर्षित म्हणाला, "मला काय माहीत यार. बायबल असतं तर दिलं असतं का मी?"

"तेच तर," राजरत्न म्हणाला, आणि मला टेकून खाली बसला.

हे मंजुळाकाकूंच्या कानावर गेलं. पुढच्या रविवारी त्या थेट माझ्यासमोर. "सर, यांचं काढा आधी. याच्यापायी त्या पोराच्या पुस्तकाला आत जागा नव्हती."

"अहो काकू, राहू द्या."

"कशाला राहू द्या? मला वाटलं इथे कुणीतरी वाचेल. तुम्ही पण माझ्यासारखं नुसतं ठेवूनच दिलंत. द्या इकडे, टीव्हीशेजारी जागा आहे."

त्यांनी नेलं म्हणून बाकीच्यांना लाज वाटली. महिनाभरात एकेक घर येऊन आपापलं बायबल घेऊन गेलं. ज्यांच्या घरात आता कुणीच नाही, अशी नऊ उरली. ती माझ्याकडेच राहतील.

राजरत्नने काय केलं माहितीये? तेच भाष्य पुण्याच्या एका कॉलेजात होतं. बाहेर देत नाहीत, फोटो काढू देत नाहीत. तीन महिने दर सुट्टीच्या दिवशी जाऊन त्याने दोनशे पानी वहीत हाताने उतरवून आणलं. निबंध पास झाला, काठावर. मग वहीवर 'घरी नेली तरी चालेल' असं लिहून त्याने ती माझ्यात ठेवली. "पुढच्या बॅचमधल्या हेमांगीला ईयोबच आहे," तो सरांना म्हणाला.

मित्रांनो, पुस्तकाला नमस्कार करून कपाट भरू नका. कुणाला काय वाचायचंय ते आधी विचारा. आणि पेपरातलं पुडकं देण्याआधी एकदा उघडून बघा.

राजरत्न, आता तुला सांगतो. माझा तळ गंजलाय, अजून किती वर्षं उभा राहीन माहीत नाही. पण शब्द देतो भावा. जोवर उभा आहे, तोवर तुझी वही कुणाही मागणाऱ्याच्या हाताला लागेल अशीच ठेवीन. आणि ती परत आलीच नाही, तर कुणीतरी वाचतंय असं समजून तिची जागा रिकामी ठेवीन.